प्रभार पेशीचा आणि पाण्याचा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने पत्राने कळविले, की माजी विद्यार्थ्यांनी केवळ जुन्या आठवणी न लिहिता आपापल्या कामाविषयीही लिहावे. आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना त्याचा उपयोग होईल. ही सूचना मला मनापासून आवडली. गेली अनेक वर्षे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. एका थेंबात अनेक प्रकारचे जिवाणू मिसळलेले असतील, तर त्यांना न मारता एकमेकांपासून वेगळे कसे करावे? या कामासाठी जी एक पद्धत वापरतात, तिला इलेक्ट्रोफोरेसिस असे नाव आहे. मराठीत तिला विद्युत-संचलन म्हणता येईल. द्रवात तरंगणारे प्रभारित कण विजेच्या क्षेत्रात सरकू लागतात, एवढाच तिचा मूळ अर्थ.

असा प्रश्न पडावाच का, हे आधी सांगितले पाहिजे. जिवाणू ओळखण्याची जुनी आणि आजही विश्वासार्ह असलेली रीत संवर्धनाची आहे. रोग्याच्या रक्ताचा नमुना पोषक द्रवात ठेवायचा, त्यातील जिवाणू वाढेपर्यंत थांबायचे, मग ते पेट्रीबशीत पसरून त्यांच्या वसाहती पाहायच्या, त्यांचे नाव ठरवायचे आणि शेवटी कोणत्या औषधाला ते दाद देतात हे तपासायचे. या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. माझ्या वडिलांच्या रक्तात संसर्ग झाला तेव्हा डॉक्टरांनी अनुभवाच्या आधारे औषध लगेच सुरू केले होते. जिवाणूचे नाव सांगणारा अहवाल तिसऱ्या दिवशी सकाळी आला. वडील आदल्या संध्याकाळीच गेले होते. या उशिरात कोणाचाही दोष नव्हता. जिवाणूला वाढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लागतोच. तो ना माझ्या शिक्षणाने कमी होणार होता, ना डॉक्टरांच्या तळमळीने. इंजेक्शनच्या बाटल्या निर्जंतुक आहेत की नाहीत, हे ठरविणाऱ्या प्रमाणित चाचणीतही नमुना १४ दिवस उबवून पाहावा लागतो. चौदा दिवसांत काहीही उगवले नाही, तरच माल बाहेर पडतो. जिवाणूची संख्या वाढण्याची वाट न पाहता, आहे त्या पेशीलाच पाहता येईल का, हा विचार वडिलांच्या मृत्यूनंतर माझ्या मनातून कधी गेला नाही. विद्युत-संचलनाकडे मी वळले ती या वाटेने.

या विद्येचा आरंभ जिवाणूंपासून झालेला नाही, मातीपासून झाला. १८०७ मध्ये मॉस्को येथे फर्डिनांड रॉइस या शास्त्रज्ञाने ओल्या चिकणमातीतून विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा मातीचे कण धनाग्राकडे सरकताना त्याला दिसले. म्हणजे पाण्यातील मातीच्या कणावर ऋण प्रभार असतो. हे वाक्य मी महाविद्यालयात प्रथम वाचले, तेव्हा मला आपल्या वसतिगृहातील पावसाळा आठवला. विहिरीचे पाणी गढूळ होई, स्वयंपाकघरातल्या मावशी तुरटीचा खडा पिंपात चार वेळा फिरवीत आणि सकाळपर्यंत गाळ तळाशी बसलेला असे. आम्ही ते रोज पाहत होतो, पण त्यामागचे कारण आम्हांला ठाऊक नव्हते. मातीच्या प्रत्येक बारीक कणावर ऋण प्रभार असल्यामुळे ते कण एकमेकांना दूर लोटतात आणि म्हणूनच तासन्‌तास तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचे धन प्रभार असलेले आयन तो प्रभार शमवितात. मग कण एकत्र येतात, जड होतात आणि खाली बसतात. मावशींच्या हातातील खडा आणि रॉइसचा प्रयोग यांच्यामागे एकच नियम होता.

जिवाणूही बहुधा या मातीच्या कणासारखाच वागतो. त्याच्या पेशीभित्तिकेवर फॉस्फेटचे आणि कार्बोक्सिल गटांचे आवरण असते. एका वर्गाच्या जिवाणूंत ते टायकोइक आम्लामुळे येते, दुसऱ्या वर्गात बाह्य पटलावरील मेद-शर्करांच्या संयुगांमुळे. साध्या, उदासीन पाण्यात या गटांमुळे पेशीच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार राहतो. अशा पाण्यात दर सेंटीमीटरला १० व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र लावले, तर जिवाणू सेकंदाला साधारणपणे १० ते ४० मायक्रॉन या वेगाने धनाग्राकडे निघतो. स्वतः जेमतेम एक-दोन मायक्रॉन लांबीच्या जीवाला हा वेग थोडा नव्हे. प्रत्येक जातीच्या पृष्ठभागाची घडण निराळी असल्यामुळे प्रत्येकीचा वेगही थोडाथोडा निराळा असतो. त्या वेगातील फरकावरच त्यांना वेगळे करण्याची सारी कल्पना उभी आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, आणि माझ्या मते ती या विषयाचे हृदय आहे. पेशीचा प्रभार ही पेशीला कायमची चिकटलेली वस्तू नाही. पाण्याचा सामू बदला, प्रभार बदलतो. पाणी पुरेसे आम्लयुक्त केले, म्हणजे सामू साधारण २ ते ४ च्या दरम्यान आणला, तर बहुतेक जिवाणूंचा ऋण प्रभार शून्यावर येतो; त्याहून आम्लता वाढविली तर तो उलटून धन होतो आणि तीच पेशी आता विरुद्ध दिशेला चालू लागते. पाण्यात मीठ वाढविले, तर मिठाचे आयन पेशीभोवती दाटी करतात आणि तिचा प्रभार असूनही झाकला जातो. ती मंद होते. याचे घरगुती उदाहरण द्यायचे तर दह्याचे देता येईल. दुधातील प्रथिनांचे कणही ऋण प्रभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात आणि दूध पातळ राहते. विरजणातील जिवाणू आम्ल तयार करतात, सामू ४.६ च्या आसपास उतरतो, तो प्रभार नाहीसा होतो आणि दही लागते. प्रथिन तेच असते, भोवतालचे पाणी बदललेले असते. म्हणून प्रयोगशाळेत ‘या जिवाणूचा वेग किती?’ असा प्रश्न अपुरा ठरतो. कोणत्या पाण्यात, किती सामूला, किती क्षारांत, हे सांगितल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नसतो.

या पद्धतीला शास्त्रीय शिस्त आली ती स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात. आर्न टिसेलियस यांनी १९३७ मध्ये रक्तद्रवातील प्रथिने विजेच्या साहाय्याने गटागटाने वेगळी करून दाखविली आणि १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. प्रथिनाचा रेणू लहान आणि सोशीक असतो. जिवंत पेशी मोठी आणि नाजूक असते. ती खाली बसते, चिकटते, वीज जास्त झाली तर तापते. उष्णतेने द्रवात प्रवाह उठतात आणि वेगळे होत चाललेले थर पुन्हा मिसळतात. हे टाळण्यासाठी शास्त्रज्ञांनी केलेले प्रयत्न ऐकले तर नवल वाटेल. जर्मनीतील कुर्ट हानिग यांनी दोन काचांमधून वाहणाऱ्या पातळ पडद्यासारख्या द्रवात पेशी वेगळ्या करण्याची रीत विकसित केली. १९७५ साली अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या अपोलो-सोयूझ या संयुक्त अंतराळ मोहिमेत पेशी वेगळ्या करण्याचे प्रयोग थेट अवकाशात नेण्यात आले, कारण तेथे वजनाच्या अभावी पेशी तळाशी बसत नाहीत आणि उष्णतेचे प्रवाहही उठत नाहीत.

पृथ्वीवर याचे उत्तर केशनलिकेने दिले. सिलिका काचेची ही नळी आतून ५० ते १०० मायक्रॉन रुंद, म्हणजे आपल्या केसाएवढी असते. इतकी बारीक नळी उष्णता पटकन बाहेर टाकते, म्हणून तिच्या दोन टोकांना हजारो व्होल्टचा दाब लावता येतो. या नळीत एक गंमत घडते. काचेची आतली भिंतही ऋण प्रभाराची असते. तिच्यालगतचे धन आयन ऋणाग्राकडे निघतात आणि साऱ्या पाण्याला सोबत ओढून नेतात. जिवाणूची ओढ धनाग्राकडे, पाण्याची ऋणाग्राकडे. पुरात उलट दिशेने पोहणाऱ्या माणसासारखी त्याची अवस्था होते. पोहतो तो वर, पण वाहतो खाली. ज्याच्यावर ऋण प्रभार कमी तो लवकर वाहत येतो, ज्याच्यावर जास्त तो प्रवाहाला अधिक वेळ तोंड देतो आणि उशिरा पोहोचतो. टोकाशी बसविलेला शोधक प्रत्येक गट आला की आलेखावर एक शिखर काढतो.

उप्सालातीलच स्टेलान हिएर्टेन यांनी १९८७ मध्ये अशा नळीतून लॅक्टोबॅसिलस केसाय हा जिवाणू चालवून दाखविला. १९९३ मध्ये एबरसोल आणि मॅकॉर्मिक यांनी नळीतून बाहेर पडलेले जिवाणू जिवंत असतात आणि पुन्हा वाढविता येतात, हे सिद्ध केले. माझ्या लेखी हा फार मोठा टप्पा होता. १९९९ मध्ये अमेरिकेतील डॅनियल आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रावणात पॉलिएथिलीन ऑक्साइड या लांब साखळीच्या पदार्थाचा अंश घातला, आणि पूर्वी पसरट येणारी शिखरे सुईसारखी टोकदार येऊ लागली. वेगवेगळे जिवाणू रेणूंप्रमाणे काही मिनिटांत वेगळे दिसू लागले. ही टोकदार शिखरे येतात कारण धावता धावता पेशी एकत्र गोळा होतात, हे पुढील अभ्यासात उलगडले. त्याच गटाने नमुन्यातील सारे जिवाणू नळीत एका जागी आणून, नमुना निर्जंतुक आहे की नाही हे थोड्या वेळात पाहण्याचेही प्रयोग केले. चौदा दिवसांच्या चाचणीची वाट पाहिलेल्या कोणालाही या प्रयोगांचे मोल सांगावे लागणार नाही.

जिवंत आणि मृत यांतील भेदही वीज सांगू शकते. हर्बर्ट पोल यांनी १९६६ मध्ये आयरा हॉक यांच्यासह यीस्टच्या जिवंत व मृत पेशी विजेच्या साहाय्याने वेगळ्या केल्या. येथे पेशीवरचा प्रभार उपयोगात आणला नव्हता. एकीकडे तीव्र आणि दुसरीकडे सौम्य असे वेगाने उलटसुलट होणारे क्षेत्र त्यांनी वापरले होते. जिवंत पेशीचे पटल अखंड असते, ते वीज अडविते. मेलेल्या पेशीचे पटल गळके होते. त्या एका फरकामुळे एक पेशी अग्राकडे ओढली जाते आणि दुसरी मागे राहते.

आता माझ्या एका विद्यार्थिनीविषयी सांगते. आश्रमशाळेत शिकलेली, घरातील पहिली पदवीधर अशी ही मुलगी प्रकल्पासाठी माझ्याकडे आली. एंटरोकॉकस फीकॅलिस हा जिवाणू तिने अभ्यासाला घेतला होता. आतड्यात शांतपणे राहणारा, पण रुग्णाच्या शरीरात बसविलेल्या नळ्यांवर थर धरून उपद्रव करणारा हा जीव आहे. तिच्या आलेखावर एका शिखराऐवजी दोन शिखरे येत होती. सादरीकरणाच्या वेळी एका परीक्षकांनी आलेख पाहून सांगितले, की नमुना शुद्ध नाही, हात स्वच्छ नाहीत. एवढ्यावर न थांबता ते म्हणाले, “प्रयोगशाळेची शिस्त रक्तातच असावी लागते.” खोलीत शांतता पसरली. या स्मरणिकेच्या वाचकांना त्या वाक्याचे वजन मी समजावून सांगण्याची गरज नाही. ती मात्र म्हणाली, “सर, दोन्ही शिखरांतल्या पेशी वेगवेगळ्या गोळा करून वाढवून पाहते. वाढल्या की कळेलच.”

पुढचे तीन आठवडे ती प्रयोगशाळेत होती. नळीच्या टोकाशी पहिल्या शिखराच्या पेशी एका बशीत घेतल्या, दुसऱ्या शिखराच्या दुसऱ्या बशीत. दोन्हींकडे वसाहती उगवल्या. रंगक्रिया, जैवरासायनिक चाचण्या आणि जनुकाची ओळख, सर्व कसोट्यांना दोन्ही बशांतला जिवाणू एकच ठरला. मग तिने एकाच वसाहतीपासून, म्हणजे एका पेशीच्या संततीपासून, ताजा संवर्ध तयार केला आणि तो पुन्हा नळीतून चालविला. शिखरे पुन्हा दोनच आली. नमुना पूर्णपणे शुद्ध होता. त्याच्या पोटातच दोन प्रकारचे पृष्ठभाग असलेल्या पेशी नांदत होत्या. ग्रोनिंगेन येथील डच संशोधकांनी २००६ मध्ये याच जिवाणूविषयी नेमके हेच नोंदविले होते, हे आम्हांला ग्रंथालयात सापडले. शिवाय त्यांना असेही दिसले होते, की ज्या संवर्धात असे दोन प्रभारांचे गट असतात, ते प्लास्टिकच्या पृष्ठभागावर अधिक चिकटतात आणि अधिक दाट थर धरतात. म्हणजे ज्याला अस्वच्छतेची खूण ठरविले गेले, ते त्या जिवाणूच्या उपद्रवाचे एक रहस्य होते. अहवाल स्वीकारला गेला. उच्चारलेल्या वाक्याविषयी पुढे कोणी काही बोलले नाही, तिनेही नाही. आज ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते.

‘वेगळे करणे’ या शब्दांना आपल्या लोकांच्या स्मृतीत पाणवठ्याची, पंगतीची आणि वस्तीची आठवण चिकटलेली आहे. मी विषय शिकविताना हे शब्द वारंवार उच्चारते, आणि त्यांचे ओझे मला जाणवते. तेथे वेगळे केले जाई ते जन्मावरून. कोणी काही तपासत नसे आणि निकाल कधी बदलत नसे. प्रयोगशाळेत वेगळे करायचे ते ओळखण्यासाठी, आणि दर वेळी निकाल पुन्हा तपासून पाहायचा असतो. दोन वेगवेगळ्या जाती एका वेगाने धावू शकतात. एकाच पेशीची संतती दोन वेगांनी धावू शकते. वेग पाहून कूळ ठरविण्याची घाई करणारा माणूस दोन्हीकडे चुकतो. म्हणूनच कोणताही प्रामाणिक अभ्यासक केवळ शिखराच्या जागेवरून जिवाणूचे नाव सांगत नाही. ओळखीचा नमुना शेजारी चालवून, पेशी गोळा करून, वाढवूनच सांगतो.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर पालकांच्या मनात खोटी आशा उत्पन्न होईल. प्रौढ रुग्णाच्या रक्तात संसर्ग असतानाही एका मिलिलिटरमध्ये अनेकदा १० पेक्षाही कमी जिवाणू असतात, आणि तेवढ्याच रक्तात तांबड्या पेशी असतात सुमारे ५०० कोटी. तांबड्या पेशींवरही ऋण प्रभारच असतो. केशनलिका एका वेळी फक्त काही नॅनोलिटर नमुना घेते, आणि एका मिलिलिटरमध्ये १० लाख नॅनोलिटर असतात. मिलिलिटरला १० जिवाणू असतील, तर सरासरी १ लाख नॅनोलिटरमागे एक पेशी हाती लागणार. म्हणजे प्रथम रक्तपेशी दूर करायच्या, जिवाणू एकवटायचे, त्यांना जिवंत ठेवायचे आणि मगच नळीत सोडायचे. या आधीच्या पायऱ्यांवर जगभर काम चालू आहे. रुग्णालयांत आजही संवर्धनाचीच रीत मुख्य आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवणे योग्यच आहे. माझ्या वडिलांचा अहवाल आज काढला, तरी त्यातील जिवाणूचे नाव काही मिनिटांत हाती येईल, असे मी कोणाला सांगू शकत नाही. वाट पाहण्याचा काळ थोडाथोडा कमी होत आहे, एवढे मात्र सांगू शकते.

वसतिगृहातील मुलामुलींना माझी एक विनंती आहे. विज्ञान महागड्या यंत्रांत असते असे समजून दूर राहू नका. दोन ग्लासांत गढूळ पाणी घ्या, एकात तुरटी फिरवा आणि दर १० मिनिटांनी दोन्हींची नोंद वहीत करा. दूध विरजून दर तासाला लिटमस कागदाने त्याची आम्लता पाहा, आणि ते कोणत्या वेळी घट्ट होते ते लिहा. आपल्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना ती वही दाखवा आणि कारण विचारा. पालकांनीही मुलांची ही वही एकदा उघडून पाहावी. त्यातले सारे समजले नाही तरी चालेल. आणि कोणी तुमचा निकाल अशुद्ध ठरविला, तर त्या मुलीसारखे करा. नमुना पुन्हा घ्या, दोन्ही बशा उबवणीत ठेवा आणि सकाळी काय उगवते ते शांतपणे मोजा.